न तापवलेली तार

मी एक तार बोलतेय. दचकू नका, पोस्टमन आणतो ती मी नव्हे. काचेच्या दांडीत रोवलेली मी प्लॅटिनमची बारीक तार. टोकाशी मला वळवून इवलीशी कडी केलीय. त्या कडीने जंतू उचलायचे आणि दुसऱ्या बशीत नाहीतर बाटलीत सोडायचे, हा माझा धंदा. मुंबईच्या एका दुकानातून मी ठाण्याला आले, ती थेट उत्तराबाईंच्या हातात.

उत्तराबाई एका लहानशा प्रयोगशाळेत जंतूंचं काम करत. सकाळी डॉक्टरांकडून आलेले नमुने तपासायचे, विषमज्वर आहे का, पटकी आहे का ते सांगायचं. दुपारी स्वतःचं संशोधन. जंतू म्हटलं की लोक नाकाला पदर लावतात. बाई मात्र काम करताना माझ्याशी बोलत. "सगळेच काही दुष्ट नसतात गं," म्हणत.

माझं आयुष्य विस्तवात गेलं. जंतूंना हात लावण्याआधी मला स्पिरिटच्या दिव्यावर लालभडक तापवायचं, लावल्यावर पुन्हा तापवायचं, असा नियम. सुरुवातीला ज्योत दिसली की मला कापरं भरायचं. पण माझ्या कडीला काय काय चिकटतं ते कळलं, आणि भीतीने बाजू बदलली. ज्योत दिसली नाही की मला धडकी भरू लागली.

तशात दारूबंदी आली. लोक दिव्याचं स्पिरिटच प्यायला लागले, म्हणून त्यालाही परवाना लागला आणि बाटली वेळेवर मिळेना. बाई काटकसर करू लागल्या. काम झालं की मला तापवायचं आणि लगेच टोपी घालून दिवा विझवायचा. कामाआधीचं तापवणं बंद झालं. हे मला पहिल्या दिवसापासून पसंत नव्हतं, पण मला विचारतो कोण?

त्या सुमाराला ठाण्याजवळच्या कोलशेत गावच्या तळ्यात एका कारखान्याचं काळं पाणी झिरपत होतं. त्याला कार्बोलिकचा उग्र वास होता. जंतू मारायला आपण जे वापरतो तेच हे कार्बोलिक. आणि तेच खाऊन जगणारे जंतू बाईंना तिथल्या चिखलात सापडले! बाटलीत त्यांनी घाण पाणी चक्क निवळून दाखवलं. मात्र ते सगळे मिळूनच जेवत, एकेकाला वेगळं काढलं की उपाशी मरत. दोन बाटल्या होत्या, त्यातली एक उन्हाळ्याने दगावली. महिनोन्‌महिन्यांची मेहनत आता एका बाटलीत होती, आणि दुसऱ्या दिवशी ती तळ्यात ओतायची ठरली होती.

त्या सकाळी बाईंनी मला विषमज्वराच्या बशीत बुडवलं. मी वर आले, इतक्यात दारात कोलशेतची रंगूबाई उभी.

"बाय गो, तलावान मासा मेला सगला. म्हशीपन तोंड लावीत नाय. तुजा औषद कवा टाकशील?"

बाईंनी मला तसंच, न तापवता स्टँडवर ठेवलं.

"उद्या, रंगूबाई. उद्या नक्की."

"पोरांना किती धरून ठेवू? उन्हाचा जाऊन उड्या मारतान."

बोलणं संपवून बाई हसतमुखाने परतल्या. दिव्यावर टोपी होती. टोपी आहे म्हणजे तापवून झालंय, असं त्यांना वाटलं असणार. उद्याच्या बाटलीतला एक थेंब तपासायला म्हणून त्यांनी मला उचललं. अहो, मला आधी तापवा! मी आतल्या आत ओरडत राहिले आणि चिखलाच्या बाटलीत बुडले. माझ्या अंगावरचे विषमज्वराचे जंतू पाण्यात उतरताना मला कळत होते. मला त्या तळ्यात उड्या मारणारी पोरं दिसायला लागली.

नंतर मला तापवायला म्हणून बाईंनी दिव्याची टोपी काढली, आणि त्यांचा हात थबकला. टोपी गार होती.

"गोपीनाथ, रंगूबाई आली तेव्हा मी दिवा लावला होता का हो?"

गोपीनाथ तिथला जुना मदतनीस. "लक्ष नव्हतं बाई. लावला असेल. एवढ्या वेळात टोपी निवणारच की."

"आणि लावला नसेल तर?"

"मग बाटली तपासून बघा."

"दोन-चारच जंतू असले तर सापडणार नाहीत. सापडले नाहीत म्हणजे नाहीतच, असं कसं म्हणू?"

बाई खुर्चीत बसल्या. मग त्यांनी स्वतः स्टोव्ह पेटवला आणि बाटली उकळत्या पाण्यात ठेवली. "बाई, अहो एकच होती ती!" गोपीनाथ कळवळून म्हणाला. बाईंनी स्टोव्हला आणखी पंप मारला.

दुसऱ्या दिवशी रंगूबाई आली. बाईंनी खरं ते सांगितलं. "मंग आमी काय करायचा?" एवढंच ती बोलली आणि गेली. तळं त्या वर्षी काळंच राहिलं.

आता बाईंनी नवा चिखल आणलाय. तो अजून काही खात नाही. स्पिरिट संपलं तर काम थांबतं, पण मला दोन्ही वेळा तापवतात. मी लाल होते आणि मला हायसं वाटतं. माझी कडी झिजलीय, दांडीला चीर गेलीय. जायची भीती वाटत नाही. भीती वेगळीच आहे.

परवा मला ज्योतीत धरून बाई पुटपुटल्या, "उगाच तर नाही ना गं उकळली मी?"

बाई, उगाच नाही. ते माझ्या अंगावर होते. हे मला एकटीलाच ठाऊक आहे, आणि मला तोंड नाही.