भिंगरीचा डावा हात

“दुखलं म्हणून थांबायचं नाही, बाळा. हात बसेपर्यंत तो दुखतोच.”

हे वाक्य बोलणारा माणूस वाईट नव्हता. हे मी आधीच सांगून ठेवते. पुढची हकिकत ऐकून तुम्ही त्याच्यावर रागवाल, आणि ते मला सोसवणार नाही.

मित्रांनो, मी एक जुने व्हायोलिन आहे. माझे पोट पोकळ आहे. त्यामुळे एकदा आत शिरलेला आवाज लवकर बाहेर पडत नाही. एका म्हाताऱ्या कारागिराने खिडकीजवळच्या बाकावर बसून मला घडवले. पुढून मऊ लाकूड, पाठीला टणक लाकूड आणि वर मधाच्या रंगाचे रोगण. माझ्यावरून पहिल्यांदा गज फिरवला तेव्हा तो एवढेच म्हणाला, “गोड आहे, पण लाजरं आहे. धीराने बोलतं करावं लागेल.” पुढे कितीतरी वर्षे मी एका वाद्यवृंदात मागच्या रांगेत वाजले. माझा धनी शांत माणूस होता. आमचे कौतुक कधी झाले नाही आणि आम्हाला कोणी बोलही लावला नाही. तो थकला तसे माझ्या पेटीचे हँडलही तुटले. ते शिवून घ्यायला तो मला एका चामड्याच्या कारखान्यात घेऊन आला.

कारखाना कसला, घराची खालची खोलीच ती. तिथे चामड्याच्या पिशव्या आणि पट्टे शिवत. भिंतीवर आऱ्या टांगलेल्या, कोपऱ्यात कातड्यांची भेंडोळी, आणि सगळीकडे दोऱ्याला लावायच्या मेणाचा वास. काम करणारी माणसे दोन, बाबा आणि त्यांची थोरली बहीण. तिला सगळे आत्याच म्हणत. या दोघांमधून दिवसभर धावत असायची ती बाबांची मुलगी. आई गेली तेव्हा ती इतकी लहान होती की तिला आईचा चेहराही आठवत नसे. एका जागी ठरत नाही म्हणून आत्याने तिचे नाव ठेवले होते भिंगरी.

“हँडलची घाई नाही,” माझा धनी म्हणाला, आणि परत आलाच नाही. बाबांनी बरीच वाट पाहिली. शेवटी ते स्वतः पत्ता काढत त्याच्या घरी गेले, तेव्हा कळले की तो देवाघरी गेला. त्याची बायको म्हणाली, “आता ते परत कुठे आणता? तुमच्या घरी पोर आहे ना? वाजू दे.”

“घ्या!” मला परत आलेले पाहून आत्या म्हणाली. “घरात माणसं तीन आणि हे चौथं. नशीब, जेवत तरी नाही.”

भिंगरीने मला हनुवटीखाली धरले आणि भिंगरी पहिल्यांदा थांबली. त्या दिवसापासून ती एका जागी उभी राहायला शिकली.

पहिले काही महिने तारांनी तिच्या बोटांची कोवळी टोके सोलून काढली. ती रडत बाबांकडे गेली. बाबांनी तिला मांडीवर घेतले आणि आपला तळवा तिच्यापुढे पसरला. आरी आणि मेणाचा दोरा ओढून ओढून त्यावर जाड घट्टे पडले होते. “हे बघ. मी शिकायला लागलो तेव्हा माझेही हात असेच सोलले होते. या कामात सगळ्यांचेच सोलतात. जो थांबतो त्याचा हात कच्चाच राहतो.” आणि मग ते बोलले ते वाक्य, जे मी तुम्हाला सुरुवातीला सांगितले.

वाक्य खरे ठरले. महिन्याभरात तिच्या बोटांची टोके टणक झाली, दुखणे गेले आणि सूर स्वच्छ लागला. ती उड्या मारत खाली आली. “बाबा, बसला हात!” मित्रांनो, एखादी गोष्ट एकदा खरी ठरली की आपण तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. बाप आणि लेक दोघांनीही तेच केले.

गल्लीच्या टोकाला जिन्यावरून वर गेले की संगीताचा क्लास होता. तिथल्या बाई कडक शिस्तीच्या. कौतुक करायचे झाले तर म्हणायच्या, “ठीक आहे.” भिंगरी चार वर्षांत त्यांच्याकडचे सारे शिकली. तिचे वाजवणे ऐकायला दुसऱ्या गावचे गुरू येऊन गेले. ती पंधरा वर्षांची होती, पण तिच्या हातून निघणारा सूर ऐकून मोठी माणसे बोलायची थांबत. मी स्वतः इतकी वर्षे लाजरे म्हणून ओळखले जात होते. माझ्यात एवढा आवाज आहे हे मला तिने सांगितले.

तिचा नेम कधी चुकला नाही. पहाटे अंघोळ करून, देवाला हात जोडून ती मला उचलायची. नेम पाळणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर एक शांती असते, ती तिच्या चेहऱ्यावर मी रोज पाहिली.

मग ती रचना आली.

ती एकटीने वाजवायची होती. साथीला कोणी नाही, चूक झाकायला कोणी नाही. एकच वाद्य दोघा-तिघांसारखे वाजले पाहिजे. गज खाली सूर धरून ठेवतो आणि त्याच वेळी डाव्या हाताची बोटे तारा छेडतात. एक बोट माझ्या मानेच्या या टोकाला, आणि करंगळी पार तिकडे, ताणून ताणून. बाईंनी तिला आधीच सांगितले, “हिने मोठमोठ्यांचे हात मोडलेत. दोन वर्षं थांबू या.” पण त्या वर्षी मोठ्या संगीत विद्यालयासाठी मुलांची निवड व्हायची होती, आणि तिथे जाण्यासाठी भिंगरी रात्रंदिवस झुरत होती. “बाई, एकदा करून तर बघू द्या ना!” तिने इतके विनवले की बाई विरघळल्या. एकाच अटीवर. “हात दुखला की त्याच दिवशी मला सांगायचं. मग ही रचना बंद. कबूल?”

“कबूल,” ती म्हणाली.

हात दुखू लागला. हे सगळ्यांच्या आधी मला कळले, कारण तिचा डावा हात माझ्याच मानेवर असे. बोटांच्या टोकांचे दुखणे मला ओळखीचे होते. हे तसे नव्हते. हे कोपरापासून निघून मनगटातून करंगळीत उतरत होते. करंगळी उशिरा पडू लागली. अंगठा मला घट्ट आवळू लागला. बाईंनी एकदा विचारलेही, “काय गं, आज हात जड का?”

“झोप नाही झाली, बाई.”

खरे सांगितले असते तर रचना बंद झाली असती. घरी मात्र तिने सांगितले. एका संध्याकाळी खाली येऊन ती बाबांच्या शेजारी बसली. “बाबा, हात दुखतो हो. इथून, कोपरापासून.”

बाबांनी हातातली पिशवी बाजूला ठेवली. तेल कोमट करून आणले. तिचा हात मांडीवर घेऊन कितीतरी वेळ चोळला. मग तिच्या बोटांच्या टोकांवरून अंगठा फिरवून म्हणाले, “बसतोय हात. मोठं काम आहे, तर दुखणंही मोठंच असणार. सोसायचं, बाळा.”

“सोसते,” ती म्हणाली. तिचा चेहराही उजळला. दुखणे म्हणजे आपण जवळ पोहोचलो, असेच तिला वाटले.

मला तोंड नाही, मित्रांनो. मी माझ्या परीने सांगून पाहिले. करंगळी नीट दाबली जात नव्हती, तिथे माझी तार कुरकुरली, सूर घसरला. मला वाटले, हे ऐकून ती थांबेल. तिला वाटले, आपलीच मेहनत कमी पडते. ती जास्त वाजवू लागली. माझ्याजवळ एकच भाषा होती, आणि त्या भाषेनेच मी तिचे नुकसान केले. देव मला क्षमा करो.

आत्याला मात्र काहीतरी वाटले होते. भिंगरीच्या हातून चहाचा कप निसटला, मग दोन दिवसांनी दुसरा. “काय गं कारटे, सगळी कपाटं रिकामी करणार आहेस का?” असे म्हणत आत्याने तुकडे गोळा केले, आणि क्षणभर तिच्या हाताकडे पाहत राहिली. तेवढ्यात भिंगरीने डावा हात काखेत दडवला आणि ती हसली. तिच्या हसण्यापुढे आत्याचे काही चालत नसे.

निवडीचा दिवस आला. सभागृह भरले होते. परीक्षक पहिल्या रांगेत, बाई बाजूच्या भिंतीला टेकून उभ्या, बाबा आणि आत्या मागे. बाबांनी ठेवणीतला सदरा घातला होता. भिंगरी एकटी मंचाच्या मधोमध आली. तिने मला हनुवटीखाली घेतले आणि डोळे मिटून ओठ हलवले. कोणाचे नाव घेतले ते मी सांगणार नाही. ते तिचे आणि देवाचे.

मग ती वाजवू लागली. मी काय सांगू? माझ्या चारही तारा जणू चार जणींनी धरल्या होत्या. एक रडत होती, एक समजूत घालत होती, एक धावत होती, आणि एक नुसती उभी राहून पाहत होती. सभागृहात कोणी खोकलेसुद्धा नाही. रचनेच्या मध्यावर तो अवघड भाग आला. खाली गजाचा सूर, वर तारा छेडणे. तिथे तिची करंगळी उठलीच नाही. मला ते जाणवले. तिने श्वास घेतला आणि करंगळीचे सारे काम शेजारच्या बोटावर टाकले. वाजवता वाजवता, सरावात कधीही न केलेल्या उड्या मारत ती पुढे गेली. एकही सूर पडला नाही. ऐकणाऱ्यांना काही कळले नाही. फक्त बाई भिंतीपासून दूर झाल्या आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

शेवटचा सूर विरला. मग टाळ्या. माणसे उभी राहिली होती. बाबा धावत मंचामागे आले. डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि हसूही आवरत नव्हते. “जिंकलीस, बाळा! दे ते इकडे. सोड की आता, वेडे!”

“सुटत नाहीये, बाबा.”

त्यांना वाटले, पोर घाबरली आहे. हसत हसतच ते तिची बोटे माझ्या मानेवरून उचलू लागले. पहिले बोट. दुसरे. तिसऱ्या बोटाला ती किंचाळली, आणि बाबांचे हसू जागच्या जागी थिजले.

तिची निवड झाली. पण ती गेली नाही. डॉक्टरांनी हात बराच वेळ तपासला. मग बाबांचे घट्टे पाहून त्यांना समजेल असे सांगितले, “कातडी दुखते, मग जाड होते. पण आत बोटं ओढणारे दोरे असतात. ते सुजले की थांबायचं असतं. तुम्ही झिजेपर्यंत ओढलेत. आता ही जेवेल, लिहील, वेणी घालेल. पण हे वाजवणं नाही.”

दोरा किती ओढला की तुटतो, हे बाबांहून जास्त कोणाला ठाऊक असणार? त्यानंतर खालच्या खोलीत बोलणे असे फारसे झालेच नाही. आत्याचे टोमणेही आटले. भिंगरीने बाबांना एका शब्दानेही दोष दिला नाही. त्यांना तेच सहन होत नसे.

मी कपाटावर गेले. तारा सैल पडल्या, पेटीवर धूळ बसली. वाट पाहायची सवय मला होती. पण आधीच्या धन्याची वाट पाहताना मला दुःख नव्हते.

एका दुपारी तिने मला खाली काढले. कापडाने पुसले, तारा जुळवल्या, आणि एक साधा, लहान मुलांना पहिल्यांदा शिकवतात तसा तुकडा वाजवला. दोनच ओळी. मग करंगळी उठेना. तिने मला परत पेटीत निजवले आणि दारात उभ्या असलेल्या बाबांना म्हणाली, “बाबा, हे क्लासमध्ये द्या. बाईंकडे नवीन मुलं आलीत. पण नुसतं देऊन परत येऊ नका. मुलं वाजवताना तिथे बसा. कोणाला कुठे दुखतंय ते विचारा. बाईंना ती सांगत नाहीत. मीसुद्धा सांगितलं नव्हतं.”

“मी?” बाबा म्हणाले. “मी कुठल्या तोंडाने विचारू, बाळा?”

“तुम्हीच विचारा. काय झालं तेही सांगा. तुमचा हात बघितला की मुलं ऐकतील. कराल ना?”

“करेन,” ते म्हणाले.

मित्रांनो, तुमच्या वस्तू जपा, असे माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात. मी तसे सांगत नाही. मला ओरखडा पडला तर रोगण लावता येते. तुम्ही स्वतःला जपा. दुखत असेल तर सांगा, आणि एकाने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगा. आणि तुमच्यापैकी जे मोठे होतील, त्यांनी पोराचा हात मांडीवर घेतला की आपले जुने दुखणे आठवू नये, त्याचे विचारावे. नेम देवासाठी करायचा असतो. देवाने दिलेला देह त्यात मोडू नये.

बाबा लगेच गेले नाहीत. दोनदा पेटी उचलून त्यांनी परत ठेवली. एकदा तर क्लासच्या जिन्यापर्यंत जाऊन, वरून येणारे कच्चे सूर ऐकून माघारी फिरले. मी त्यांना घाई केली नाही.

आज भिंगरी शाळेत गेली आहे. बाबांनी अर्धवट शिवलेली पिशवी खाली ठेवली आणि साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले, नखांतले मेण निघेपर्यंत. मग त्यांनी मला काखेत घेतले.

“भर कामात कुठे निघालास?” आत्याने विचारले.

“क्लासला. उशीर होईल मला. पोरांचं संपेपर्यंत बसणार आहे.”

आत्याने त्यांच्याकडे पाहिले. मग त्यांची पिशवी आपल्या मांडीवर ओढून घेतली आणि पुढचा टाका घातला. बाबांनी दार हळूच लोटले आणि ते गल्लीच्या टोकाकडे चालू लागले.