दोन टाक्यांमधला काटा

मित्रांनो, मी एक जुना टांगता काटा आहे. घड्याळासारखा गोल चेहरा आणि त्यावर दहा किलोंपर्यंतचे आकडे. माझा जन्म बंगळूरच्या शिवाजीनगरातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथून मी शहराबाहेरच्या मत्स्य संशोधन केंद्रात आलो आणि मल्लाप्पाच्या हाती पडलो. हा निपाणीकडचा माणूस. टाक्या धुणं आणि माशांना खाद्य घालणं हे त्याचं काम. रोज सकाळी तो खांद्यावरच्या टॉवेलने माझी काच पुसायचा. त्या पुसण्याची मला अजून आठवण येते, खोटं कशाला बोलू!

मग पुण्याची सुखदा तिथे संशोधनाला आली. कोरमंगलाच्या पीजीतून दोन बस बदलून यायची. रेशीम काढून घेतल्यावर कोशात उरलेले किडे वाळवून, दळून तिने माशांचं नवं खाद्य केलं होतं. डाव्या टाकीतल्या पंचवीस रोहूंना ते, उजव्या टाकीतल्या पंचवीसांना नेहमीचा कोंडा आणि पेंड. दर पंधरा दिवसांनी पाण्याची बादली मला टांगायची, तिच्यात मासे सोडायचे आणि वाढलेलं वजन लिहून घ्यायचं. माझ्या शब्दावर तिचं सगळं संशोधन उभं होतं. मी फुशारून गेलो होतो.

पण दोन्हीकडचे मासे सारखेच वाढत होते. तिसऱ्या महिन्यात सुखदा मल्लाप्पासमोर टाकीच्या कठड्यावर बसून रडली.

"अण्णा, माझं खाद्य फुकट गेलं. काही फरकच नाही!"

मित्रांनो, मला फरक ठाऊक होता. रोज संध्याकाळी ती गेली की मल्लाप्पा तिच्या डब्यातलं मूठभर खाद्य उजवीकडेही टाकायचा. मी बघत होतो, पण वजनाखेरीज मला काही सांगता येत नाही.

मल्लाप्पाने मान खाली घातली. "अक्का, खाद्य झकास आहे तुमचं. मीच ह्यांना पण घालत होतो. एका पंगतीत दोघांना वेगळं वाढू नये. पाप लागतंय."

सुखदाने डोळे पुसले आणि नोंदवही मिटली. मग म्हणाली, "साहेबांना हे सांगावं लागेल अण्णा."

"सरी, बरं. खरं तेच लिवा."

तिने खरं तेच लिहिलं. तीन महिने पाण्यात गेले. मल्लाप्पाला बागेच्या कामावर धाडलं आणि निवृत्त होऊन तो गावी गेला. बॅटरीवरचा नवा काटा आला, मी टाक्यांजवळच्या फळीवर चढलो. दार वाजलं की अजूनही वाटतं, तोच आला.

सुखदाने प्रयोग पुन्हा पहिल्यापासून केला. शेवटचं वजन झालं त्या दिवशी तिने तिथूनच मल्लाप्पाला स्पीकरवर फोन लावला.

"अण्णा, डावीकडचे उजवीकडच्यांच्या दीडपट झाले!"

"बेस झालं अक्का. आणि उजवीकडची? जगली काय सगळी?"

"चोवीस जगले. एक गेला."

मग तो म्हणाला, "आता तपासणी संपली नव्हं? मग आजपास्नं त्यांना बी तेच घाला की."

सुखदाने फोन ठेवला, डबा उचलला आणि उजव्या टाकीत ओंजळभर खाद्य टाकलं. चोवीसही मासे एकदम वर आले.

मित्रांनो, मला कुणी फळीवरून उतरवो न उतरवो. तुम्ही मात्र मोजून झालं की वाढायला उठा.