पेझारकरांचा वाढीव उपास

शर्यतीला महिना आहे

वाशीम स्टेशनच्या पार्सल ऑफिसात नेहेमिया पेझारकर नावाचा कारकून होता, आणि तो धावत असे. मागे कुत्रं लागलेलं नसताना, रोज पहाटे, अर्ध्या चड्डीवर. हे गावाचं एक आश्चर्य. दुसरं म्हणजे तो यहुदी होता. अख्ख्या वाशीमात यहुद्यांचं घर एकच, त्यात माणसं दोन: तो आणि बायको सिपोरा. तेव्हा यहुदी धर्म म्हणजे काय, तर पेझारकर सांगेल तो. एवढी सत्ता पार्सलच्या कारकुनाला झेपत नसते.

गेल्या गांधी जयंतीला वाशीम ते रिठद अशा वीस किलोमीटरच्या शर्यतीत तो चौदाव्या दगडाशी बसला आणि वांग्यांच्या पोत्यांवर, बैलगाडीतून परत आला. तेव्हापासून बाजारात त्याची किंमत वांग्याइतकीच होती. यंदा रिठद गाठायचं होतं. स्वतःच्या पायांनी.

अशात घरमालक मिश्रीलालकडे पर्युषण झालं. त्याची बायको राजमती आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहिली. शेवटी मिश्रीलाल रीतीप्रमाणे हात जोडून दारोदार गेला, पेझारकरकडेही.

"मिच्छामि दुक्कडम्, बाबूजी. सालभरात काही चुकलं असन तर माफ करा."

पेझारकरनं माफ केलं. उलट माफी मागण्यासारखं त्याला काही आठवलं नाही.

"तुमच्यात हाय का असा उपास?"

"आहे ना. दारफाळणी. दार लावून पंचवीस तास घरात, पाणीसुद्धा नाही."

"एकच दिवस?"

मिश्रीलालच्या मनात वाकडं काही नव्हतं. पण धावणाऱ्याला कोणी मागे टाकलं की त्याला राहवत नाही.

"एक दिवस साध्या माणसाला," पेझारकर म्हणाला. "धावणाऱ्यानं पुढची शर्यत संपेपर्यंत थेंब घ्यायचा नाही. नियम आहे."

"कोन्या पुस्तकात?"

"हिब्रूत आहे."

हिब्रू वाशीमात कोणी वाचत नव्हतं. पेझारकरही अडखळतच वाचायचा. संध्याकाळपर्यंत नियम बाजारभर झाला.

पंचवीस तास

घराला चुना लागला, पांढरे कपडे निघाले. दसऱ्याचं सोनं द्यायला माणसं आली तर दार बंद.

दार लावण्याआधी सिपोरानं विचारलं, "कुणाची माफी मागायची राहिली नाही ना?"

"कुणाची?"

ती दिवसभर उभी राहून प्रार्थना म्हणत होती. तो पंख्याखाली आडवा. पाय राखायचे होते. देवाला पायांची काय गरज?

दुसऱ्या संध्याकाळी तीन तारे दिसले, उपास सुटला. पेझारकरनं चार पेले लिंबाचं सरबत रिचवलं.

"आणि तुमचा तो नियम?" सिपोरा म्हणाली.

"दार अजून बंद आहे."

पहाटे एक तांब्या पाणी. तेही बंद दाराआड.

किलोमीटर ०

त्या दिवशी शिळा सण. दार उघडून लोकांना भेटायचा दिवस. लोक भेटले, तेही भोंग्यासकट.

मळेवाले दौलतराव शर्यत भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष. ते ओरडले, "पेझारकर बाबू परवापासून बिनपान्याचे हायेत! रस्त्यात त्यायले कोनी पानी देऊ नका. पाप लागन!"

टाळ्या पडल्या. पेझारकरनं मान लववली. इथंच तोंड उघडायचं होतं.

किलोमीटर ५

गेल्या वर्षीच्या त्याच वांग्यांच्या गाडीवाल्या पुंजाजीनं गाडी थांबवून त्याला झेंडूचा हार घातला.

किलोमीटर ९

गोमतीबाईचा माठ. पेझारकरनं ओंजळ पुढं केली. तिनं पेला पाठीमागं लपवला.

"नाही भाऊ. तुमचा धरम बुडन."

"घोटभर द्या हो."

"देव परीक्षा पाहून राह्यला तुमची," असं म्हणून ती त्याच्या पाया पडली. पाया पडून घेताना थांबावं लागतं. तीन जण पुढं गेले.

किलोमीटर ११

हा दगड कोणीतरी उपटून नेला आहे. इथं काही घडलं नाही असं समजावं. पेझारकर एका म्हशीच्या डबक्याकडे बराच वेळ पाहत होता.

किलोमीटर १३

"नियम बदलला!" तो दुसऱ्या माठाशी ओरडला.

"तहान बोलून राह्यली," लोक एकमेकांना म्हणाले आणि माठावर झाकण ठेवलं.

किलोमीटर १४

गेल्या वर्षीची जागा. पायांना ती आठवली. तो बसला.

मिश्रीलालची जीप उभी होती. रिठदला शाल-नारळ देऊन पेझारकरचा सत्कार करायला तो राजमतीला घेऊन निघाला होता. सिपोराही बरोबर होती. ती तांब्या घेऊन उतरली.

"बाई, पाप!" गर्दी ओरडली.

सिपोरानं तांब्या त्याच्यापुढं धरला, पण सोडला नाही. "मी सांगू, की तुम्ही सांगता?"

मागून पुंजाजीची गाडी येत होती. पोत्यांवर जागा होती.

"नियम नाही," पेझारकर म्हणाला. "मी काढला. काल रात्री चार पेले सरबत प्यालो. आज पहाटे तांब्याभर पाणी."

पुंजाजी गाडीवरून उतरला, पेझारकरच्या गळ्यातला हार काढला आणि बैलाच्या गळ्यात घातला.

"हा पानी पेला तं पेलो म्हनते," तो म्हणाला.

पेझारकरनं मिश्रीलालपुढं हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्."

मिश्रीलालला हसू आवरेना. "हे महिन्याआधी म्हनलं असतं बाबूजी, तं आज माठावर झाकन नसतं. प्या आता." सिपोरानं तांब्या सोडला.

राजमती जीपमधूनच बोलली, सिपोराशी. "पंचवीस तास थेंब नाही, हे तरी खरं हाय का?"

"ते खरं. मी उभी होते."

राजमतीनं खाली उतरून शाल उलगडली, सिपोराच्या खांद्यावर टाकली आणि नारळ तिच्या हातात दिला. रस्त्यातच. मग तिघं जीपमध्ये बसली आणि जीप वळून वाशीमला गेली. रिठदला आता कोणाचं काही काम नव्हतं.

किलोमीटर १५ ते २०

पाहायला कोणी थांबलं नव्हतं. माठांवरची झाकणं निघाली होती, पण पेला कोणी पुढं करत नव्हतं. त्याला हातानं घ्यावा लागत होता. पुंजाजीची गाडी बाजूनं चालली होती.

"बसता का?"

"नाही."

"वांगे कवळे हायेत."

"नाही म्हटलं ना!"

रिठदला मंडळी दोरी गुंडाळत होती. दौलतरावांनी वहीत पाहिलं. एकोणतीस जण आधी आले होते. तिसावा बैल आला, हार घालून.

पेझारकर एकतिसावा. स्वतःच्या पायांनी.