कडेला उभी मनुबाई

"मान हलवू नका, काका. समोरच बघा. कुठंही उजेड चमकला की बटण दाबा."

सांगलीच्या दवाखान्यात त्या पांढऱ्या घुमटात तोंड घालून राजाराम बसला होता. कडेला बारीक ठिपके चमकत होते, तो बटण दाबत होता. तीस वर्षं कवठे महांकाळ भागात टपाल वाटताना जो कुत्र्यांना भ्यायला नाही, तो या बटणाला भ्यायला होता.

वडिलांची नजर काचबिंदूनं अशीच कडेकडेनं गेली होती. त्यांची काठी धरायला राजारामच्या थोरल्या बहिणीनं, मनुबाईनं, पाचवीतच शाळा सोडली. आता राजारामला कडेचं धूसर दिसत होतं. हे तिला कुठल्या तोंडानं सांगायचं?

न सांगण्याचं फळ मिळालंच. मनुबाई गावच्या स्टँडवर शेंगा विकते. तीन महिन्यांपूर्वी तिनं रस्त्याच्या कडेनं हात वर करून त्याला 'जय भीम' घातला. एस्टीच्या हॉर्नमध्ये आवाज विरला आणि हा सायकलवरून सरळ पुढं गेला. "मान ताठ झालीया त्येची," तिनं साऱ्या स्टँडला सांगितलं. तेव्हापासून अबोला. तो राजारामला फार लागला होता.

"काचबिंदू नाही, काका," कागद बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कडेचा सगळा उजेड दिसतोय तुम्हाला."

"मग धूसर का वो दिसतंय?"

त्यांनी कागदावर एक चेंडू काढला, शेजारी अंडं काढलं. "तुमच्या चष्म्याचा नंबर मोठा. डोळा असा लांबट, म्हणून आतला पडदाही तसाच वळलेला. चष्मा समोरचं चित्र बरोबर पडद्यावर पाडतो, कडेचं मात्र पडद्याच्या मागं पडतं. ठेवणच तशी आहे, रोग नाही."

"पण आत्ताच कसं?"

"आधीही असणारच. वडिलांची नजर गेली त्या वयाला आलात, म्हणून कडेला बघायला लागलात. तरी दरवर्षी तपासून घ्या."

राजारामचा जीव भांड्यात पडला. इतका, की टोपी तिथंच विसरून तो जिना उतरला आणि पुन्हा चढून आला.

स्टँडवर उतरल्यावर त्यानं अख्खी मान वळवून मनुबाईला शोधलं. "जय भीम, आक्का."

"आज दिसले व्हय मी?"

त्यानं सगळं सांगितलं, अंड्यासकट. तिचा चेहरा उतरला. "बाबांवाणी?"

"न्हाई गं. त्येच सांगतुय, बाबांवाणी न्हाई."

त्यानं पुढं केलेला कागद तिनं बघितलाच नाही. उठून त्याच्या कडेला उभी राहिली. वडिलांपाशी रोज सकाळी ती अशीच उभी राहून बोटं दाखवायची.

"म्होरंच बघ. किती बोटं?"

राजारामनं प्रयत्न केला. "बोटं न्हाई कळत."

तिनं हात जरा हलवला.

"पर हात दिसतुया, आक्का. हलतुया."

"बाबांस्नी कवाच दिसला न्हाई त्यो," मनुबाई म्हणाली, आणि त्याच हातानं शेंगांचं माप भरून तिनं त्याच्या टोपीत ओतलं.