अर्ध्या सेकंदाची यादी

ये गड्या, टेक जरा. नाथाजी हवालदार कसा पेटला हुता, ती गोष्ट सांगतो तुला.

नव्व्याण्णव साल. साताऱ्यात माजी सैनिकांची एक संस्था हुती. नाथाजी तितं कंपूटरवर जवानांच्या बायकांचे अर्ज भरायचा. फौजेत असताना बर्फानं त्याची बोटं खाल्लेली, धड एकच उरल्यालं. वेब पेजवर गावांची यादी उघडायची, इंग्रजीत लिवल्याली सतराशे गावं. एक अक्षर दाबलं की त्या अक्षराचं पयलं गाव यायचं, मग बाण दाबत बसा!

सांगलीला विश्रामबागेत नीलिमा म्हनून असली पेजं करनारी पोरगी हुती. तिनं ते पेज सुधारलं. आता गावाची अक्षरं लागोपाठ दाबायची, यादी थेट गावावर जायची. झ्याक! पर मधी अर्धा सेकंद थांबलं, की मागची अक्षरं पुसली.

नाथाजीला अर्जातल्या भामाबाईचं लिंब गाव पायजे हुतं. एल दाबला. आय हुडकून दाबला, यादी गेली इंदोलीला. एम हुडकून दाबला, तर इंदोली बी गेली. शेवटी बी दाबला, तर बामणोली! नजर सगळी बोटावर, त्याच्या ध्यानातच आलं न्हाई. लिंबची भामाबाई कागदावर कोयनाकाठच्या बामणोलीत जाऊन बसली, अन् संस्थेची तिला बोलावण्याची चिठ्ठी बी तिकडंच गेली. अशा अकरा बाया.

सेक्रेटरी शंभूराज डाफरला, "हवालदार, तुमच्यानं व्हायचं न्हाई. सोमवारपास्नं गेटवर बसा."

नाथाजीच्या अंगाची लाही झाली. यष्टी धरून त्यानं सांगली गाठली.

"कोन हाय ती नीलिमा?"

"मीच. बसा की आजोबा."

"बसाय आलो न्हाई! तुझी यादी माझ्याआदी पळती."

"आवं, जरा भराभर दाबा. आमी सगळं तपासलंय."

"कुनाच्या बोटांनी?" त्यानं हात टेबलावर आपटला. "ह्या बोटानं तपासलंस?"

नीलिमा त्या हाताकडं बघतच राह्यली. मग ती सोतावरच चिडली. तिनं ते अर्ध्या सेकंदाचं घड्याळच उपटून टाकलं. आता यादी मिटंपर्यंत दाबल्याली अक्षरं पुसायची न्हाईत.

"दाबा आता."

एल. लय येळानं आय. एम. बी. लिंब!

"लाव फोन आमच्या सेक्रेटरी सायबाला," नाथाजी गुरगुरला. "सांग, चूक कुनाची ते."

तिनं सांगितलं, "सर, चूक माझी हाय. हवालदारांची न्हवं."

"आता दुसरा नेमला की!" तिकडनं शंभूराज म्हनला.

नाथाजीनं फोन हिसकला. "मंग सोमवारी दोघास्नी बसवा. बघू कोन चुकतंय!"

सोमवारी अकराची अकरा गावं त्यानंच नीट केली, अन् खुर्ची सोडली न्हाई. सायबाशी मात्र वर्षभर बोलला न्हाई.

तू बी असलीच पेजं करतुस न्हवं? मंग सरक जरा, अन् तुझ्या यादीत मला एका बोटानं कोरेगाव हुडकू दे.