पत्त्यांच्या तक्त्यामागचा कागद

मित्रांनो, मी एक जुना सूचनाफलक आहे. ओहायोतल्या एका पंपाच्या कारखान्यात, जेवणघराच्या भिंतीवर मला टांगून एकतीस वर्षं झाली. पूर्वी येताजाता सगळे माझ्यापुढे थांबत, मला वाचत. मग प्रत्येकाच्या हातात फोन आला आणि माझ्या वाट्याला पत्त्यांच्या स्पर्धेचे तक्ते तेवढे उरले.

एका कागदाबद्दल मात्र मला भारी कुतूहल होतं. परदेशातल्या जाणकाराला कायमचं ठेवून घ्यायचं, तर त्या कामाची आणि पगाराची सूचना कामाचे दहा दिवस सगळ्यांना दिसेल अशी लावावी लागते. इथलंच कुणी त्या कामाला लायक असेल, तर ते सांगता यावं म्हणून; तसं कुणी निघालं, तर बाहेरच्याला ठेवता येत नाही. हा कागद नेमकी कुणाची राखण करतो? इथल्या माणसांची, बाहेरून आलेल्याची, की मालकाची? मला कधी कळलं नाही.

गेल्या वर्षी कार्यालयातल्या लोरेनने तो निलगुनसाठी लावला. निलगुन तुर्कस्तानची, ठरावीक मुदतीच्या व्हिसावर इथे कामाला आलेली. ओतीव लोखंडातली केसाएवढी चीर हुडकण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण लोरेनने कागद खोचला तो थेट पत्त्यांच्या तक्त्यामागे! निलगुनने तो शोधून काढला आणि मधोमध लावला.

"अगं, डोकं फिरलंय का तुझं?" लोरेन कुजबुजली. "दहा दिवस गुपचूप जाऊ देत. कुणी हरकत घेतली तर गाशा गुंडाळावा लागेल तुला."

"मी काय चोरी करतेय, लपवायला?"

तेवढ्यात जुना फिटर वेंडेल कॉफी घेऊन माझ्यापुढे आला. वाचता वाचता त्याचे कान लाल झाले.

"हे काम? आमच्या टेसाने अर्ज केला होता की याला! हेच शिकलीये माझी पोरगी. साधं उत्तर नाही दिलंत, लोरेन!"

लोरेन पत्त्यांचा तक्ता उगाच सरळ करू लागली.

"बोलवा तिला," निलगुन म्हणाली.

"तिला घेतलं तर तुला जावं लागेल. कळतंय ना?" वेंडेलने विचारलं.

"कळतंय रे. पण तिला बोलावलंच नाही, तर उद्यापासून तुझ्यासमोर बसून जेवू कशी मी?"

टेसाला बोलावलं. तिला काम येत होतं. निलगुनला कायम ठेवण्याचा अर्ज पुढे गेलाच नाही. व्हिसाची मुदत संपेपर्यंत तिने टेसाला आपल्याजवळचं सगळं शिकवलं आणि ती गेली. मला फार वाईट वाटलं. पोरीला नोकरी लागूनही वेंडेल त्या दिवशी डबा न उघडता उठला.

न्याय झाला का, मित्रांनो? हा प्रश्न माझ्या लाकडी डोक्यात मावत नाही. तुम्हीच विचार करा. माझं मागणं एवढंच आहे, की माझ्यावर जो कागद लावाल तो वाचता येईल असा लावा. ज्याचं पोट त्यावर अवलंबून आहे, त्याला तो स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या. मग तो कागद त्याच्या विरुद्ध का असेना.