अळणी आमटी

"भैया, मिठाई है क्या?" समोर बसलेल्या बाईंनी विचारलं, तसा यज्ञेश्वर मुळ्यांनी मांडीवरचा डबा आणखी घट्ट धरला.

सदर बाजाराकडे निघालेली ऑटो खच्चून भरली होती. डब्याभोवती बर्फ, बर्फाभोवती टॉवेल आणि त्यावर बायकोने, अनुसूयाबाईंनी, लाज झाकायला बांधलेला जरीकाठी रुमाल.

"नहीं जी, दवाखाने का सामान है," मुळ्ये म्हणाले. खोटं नव्हतं. डब्यात त्यांचा सकाळच्या शौचाचा नमुना होता.

झाशीतल्या एका विमा कचेरीत कारकुनी करत आलेल्या मुळ्यांची आजवर कशातच निवड झाली नव्हती. बढतीत नाही, गणेशोत्सवाच्या समितीत नाही. कॅरमच्या संघातसुद्धा ते राखीव. डॉक्टर निगमबाईंना मात्र एका अभ्यासासाठी धडधाकट माणसं हवी होती. सगळ्या तपासण्या करून त्यांनी मुळ्यांना घेतलं. आपल्या आतड्यात असंख्य जंतू राहतात, त्यातले बरेचसे आपल्या भल्याचेच; मीठ कमीजास्त केलं तर त्यांचं काय होतं ते पाहायचंय, असं त्यांनी समजावलं. "पहले कम नमक, बाद में ज़्यादा. खाना घर का ही."

मुळ्ये छाती काढून घरी आले. "निरोगी म्हणून निवडलंय मला."

"निरोगी माणसाला अळणी?" अनुसूयाबाई म्हणाल्या. "आमच्या बाबांना शेवटी शेवटी अळणी देत होते. ताट पुढे केलं की माझ्याकडे नुसते बघत राहायचे."

"अगं, विज्ञानासाठी आहे."

"मग विज्ञानालाच बसवा पानावर."

पहिल्या दिवशीची आमटी मुळ्यांनी काढा घ्यावा तशी घशाखाली उतरवली. दुसऱ्या दिवशी मात्र ती बरी लागली. पुढे तर इतकी गोडी वाटू लागली की कचेरीत ते जेवणाच्या सुट्टीत प्रवचनच देऊ लागले. "दुबेजी, नमक तो सिर्फ़ ज़बान की आदत है. अब लौकी में लौकी का स्वाद आता है." दुबेजी हळूच डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊ लागले.

आज निगमबाईंनी डबा ठेवून घेतला आणि मागच्या खेपेचे अहवाल पुढे ओढले. "मुळ्येजी, आप नमक खा रहे हैं."

"कसम से, नहीं."

"पेशाब में नमक पहले जितना ही है. बैक्टीरिया भी वैसे के वैसे. घर जाकर याद कीजिए और सच बताइए."

निवडलेल्या माणसाचा असा अपमान. मुळ्ये कचेरीत न जाता तडक घरी आले. स्वयंपाकघराच्या दारातच त्यांचे पाय थबकले. अनुसूयाबाई पाठमोऱ्या होत्या. मुळ्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या पातेलीत त्यांनी मीठ घातलं, तळहातावर थेंब घेऊन चाखला, मान हलवली आणि आणखी एक चिमूट टाकली.

सगळ्या विज्ञानाची माती केलीस, असं मुळ्यांच्या ओठांवर आलं. तेवढ्यात त्यांना दुबेजींना ऐकवलेली ती लौकी, म्हणजे दुधीची भाजी, आठवली. इतके दिवस मीठ खाऊन आपण मिठाच्या त्यागावर बोलत होतो, आणि जिभेला पत्ता नव्हता! हसू दाबत ते चोरपावलांनी बाहेर गेले, फाटकापाशी मोठ्याने खाकरले आणि कडी वाजवून पुन्हा आत आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निगमबाईंना सांगून टाकलं, "समोसे खाए. दफ़्तर में."

"रोज़?"

"रोज़."

निगमबाईंनी त्यांना शाळकरी पोराला झापावं तसं झापलं आणि अभ्यासातून काढून टाकलं. "घर में तो परहेज़ ठीक था ना?"

"बिलकुल. हमारी मिसेज़ बड़ी सख़्त हैं," मुळ्ये म्हणाले आणि मान खाली घालून बाहेर पडले. परतताना ऑटोत मांडी मोकळी होती. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना.

"संपला अभ्यास," घरी येऊन पानावर बसत ते म्हणाले.

अनुसूयाबाई दचकल्या. "काय निघालं?"

"जंतू खुशाल आहेत म्हणे. आता मीठ घातलंस तरी चालेल."

अनुसूयाबाईंनी आमटी वाढली. तीच रोजची. मुळ्यांनी एक भुरका मारला, डोळे मिटले.

"वा. आज खरी चव आली."

अनुसूयाबाईंनी वर पाहिलं नाही. पातेलीतली आमटी त्या कितीतरी वेळ उगीचच ढवळत राहिल्या.